आधी पट्टी, मग वाद्य

श्रावणातले सोमवार आले की उज्जयिनीत कोणालाच घरात बसवत नाही. महाकालेश्वराची पालखी क्षिप्रेकडे निघते, रामघाटावर पूजन होते आणि परतीच्या वाटेवर ती गोपाळ मंदिरापाशी थांबते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे श्रावण संपला तरी आमच्या सवाऱ्या संपत नाहीत. त्या भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत चालतात, कारण आपला अमान्त श्रावण तेव्हा कोठे संपत असतो. शिंद्यांच्या राजवटीने या नगरीत जे काही मागे ठेवले, त्यांत हा वाढीव पंधरवडाही आहे.

अशाच एका सोमवारी, वडिलांचे बोट धरून गोपाळ मंदिराच्या पायऱ्यांवर उभा असताना, मी सॅक्सोफोन प्रथम पाहिला. पालखीपुढे पोलिसांचा बँड होता. सरळ कर्ण्यांच्या गर्दीत ते वाकडे, पितळी, चाव्यांनी मढवलेले वाद्य वेगळे उठून दिसत होते. त्याहून वेगळा त्याचा आवाज होता. सनईइतका टोकदार नाही, बासरीइतका हवेशीर नाही; जाड्या गळ्याच्या माणसाने तोंड मिटून गुणगुणावे तसा. "बाबा, ते काय?" असे मी विचारले. वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांनी क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाले, "हुक्क्यासारखे दिसते खरे!" त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वाद्याचे नाव हुक्का असेच पडले.

पुढे १९७८ साली, बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवलेले पैसे देऊन, मी लग्नाच्या एका मोडलेल्या बँडकडून जुना ऑल्टो सॅक्सोफोन विकत घेतला. तो हुक्का माझ्यापाशी चाळीस वर्षांहून अधिक काळ वाजला. आता तो वाजत नाही. त्याच्या जागी दुसरा घेण्याची वेळ आली तेव्हा मला वाटले, यात काय मोठेसे! पैसे मोजायचे आणि तसाच नवा आणायचा. ते किती चुकीचे होते आणि त्या चुकीतून मी काय शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. सॅक्सोफोन वाजवणारे वाचक थोडेच असतील. पण ज्यांच्या घरात पेटी आहे, तंबोरा आहे किंवा नुसता गाणारा गळा आहे, त्यांनाही यातले काही उपयोगी पडेल असे वाटते.

गुरुवारचे भजन

१९८४ साली माझे लग्न झाले. पत्नी गाणारी होती; मैफलींत गाणारी नव्हे, देवघरात गाणारी. आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी भजन असे. ती गाई आणि मी तिच्यामागून सॅक्सोफोनवर तिचे स्वर धरी. आरंभी आजूबाजूची मंडळी हसत. लग्नाच्या वरातीतले वाद्य देवापुढे! पण हळूहळू लोकांच्या कानांना त्याची सवय झाली. आपल्या समाजाच्या गणेशोत्सवातही दोन-तीन वर्षांनी आम्हां दोघांना बोलावणे येऊ लागले.

तिची पट्टी काळी चार. ऑल्टो सॅक्सोफोनवर काळी चारचा षड्ज मोठ्या सोयीच्या जागी येतो. बोटे मोकळी राहतात, मींड घेता येते. ती खाली मंद्र पंचमापर्यंत उतरे आणि माझे वाद्य त्याच्याही खाली, मंद्र मध्यमापर्यंत, जाऊ शके. म्हणजे ती जेथे जाईल तेथे मी होतोच. हा योगायोग होता, माझी हुशारी नव्हे. मोडलेल्या बँडचे जे वाद्य हाती आले ते मी घेतले आणि ते माझ्या पत्नीच्या गळ्याला शोभले. चाळीस वर्षे मी त्या योगायोगाला आपले कौशल्य समजत आलो.

मग तिच्या गळ्यातील थायरॉइडच्या ग्रंथीवर शस्त्रक्रिया करावी लागली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, प्रकृती सुधारली. पण आवाज खाली उतरला. काही महिने ती बोलतानाही जपून बोले. वर्षभराने तिने तंबोरा काढला, काळी चारवर लावला आणि मध्यमाच्या पुढे जाता येईना म्हणून ठेवून दिला. त्यानंतर आमचे गुरुवार मुके झाले. त्याच सुमारास हुक्क्यानेही प्रकृतीची तक्रार मांडली. त्याच्या छिद्रांवरच्या चामडी गाद्या वाळून तडकल्या, चाव्यांचे खिळे झिजले, खालचे स्वर फुसफुसू लागले. एकदा-दोनदा दुरुस्ती केली. तिसऱ्यांदा दुरुस्त करणाऱ्यानेच हात जोडले.

पहिली चूक

मी नवा ऑल्टो मागवला. चित्र पाहिले, चकचकीत सोनेरी रंग पाहिला, किंमत आवाक्यातली पाहिली आणि पैसे पाठवले. विक्रेत्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही; चूक मुख्यतः माझीच होती. वाजवून न पाहता वाद्य घेणे म्हणजे पायात न घालता जोडा घेण्यासारखे, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळावे ही लाजिरवाणी गोष्ट.

पेटी उघडली तेव्हा घरभर लखलखाट झाला. वाजवले तेव्हा तो मावळला. वरच्या सप्तकातले स्वर चढे लागत; ओठ सैल केले तर आवाजच फाटे. सर्वांत खालचे दोन स्वर हळू फुंकले तर उमटतच नसत. आणि गांधार! तंबोऱ्यासमोर तो जागच्या जागी थिजल्यासारखा उभा राही. मी सहा महिने त्या वाद्याशी झगडलो. माझे वय झाले, ओठ सैलावले, दम संपला, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. वाद्य चुकीचे असले म्हणजे माणूस दोष स्वतःला देऊ लागतो. शेवटी नुकसान सोसून ते विकले.

"आधी पंचम शोधा"

जुन्या उज्जैनीत एक वृद्ध बँडमास्तर राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मेरठच्या जली कोठी बाजारातून बँडची वाद्ये आणण्यात त्यांची हयात गेली. तो बाजार म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील पितळी वाद्यांचे माहेरघर. तेथील नादिर अली आणि कंपनी १८८५ पासून वाद्ये बनवीत आली आहे. मास्तरांनी किती वाद्ये वाजवून पाहिली आणि किती परत केली याची गणती नाही. मी त्यांना गाठून विचारले, कोणता ऑल्टो घेऊ? त्यांनी उलट विचारले, "किसके साथ बजाते हैं?" मी सांगितले. "तो बहनजी को सुने बिना मैं कैसे बताऊँ?"

ते घरी आले. पत्नी गाण्यास तयार नव्हती. "अहो, माझा आवाज राहिला नाही, त्यांना कशाला त्रास?" असे ती आतूनच म्हणाली. मास्तरांनी तंबोरा मागितला, तारा सैल केल्या आणि म्हणाले, "बहनजी, ऊपर मत जाइए. नीचे उतरिए, जहाँ तक आराम से उतर सकें." ती संकोचत उतरली. षड्ज, मंद्र निषाद, धैवत, आणि मग मंद्र पंचम. तो स्वर लागताच आम्ही तिघेही गप्प झालो. तो तिचा जुना आवाज नव्हता. पण तो भरलेला, स्थिर, खोल असा स्वर होता. मास्तरांनी पेटीवर तो षड्ज तपासला. पांढरी चार. काळी चारवरून तिची पट्टी पुरती तीन स्वरस्थाने खाली आली होती.

मग त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि मला जे सांगितले ते मी चाळीस वर्षांत कधी मनात आणले नव्हते. ऑल्टोचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे काळी एक. पांढरी चारला षड्ज धरले तर तो मंद्र सप्तकातील कोमल धैवत ठरतो. त्याच्या खाली ऑल्टोला काही नाही. म्हणजे मंद्र पंचम या वाद्यात नाहीच! कितीही महाग घेतले, कोणत्याही देशाचे घेतले, तरी ऑल्टो तेथे पोहोचणार नाही. "भाईसाहब, आप बाजा ढूँढ रहे हैं," ते म्हणाले, "पहले पंचम ढूँढिए."

एकाच कुळातील भावंडे

येथे वाद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सॅक्सोफोनचा जनक आदोल्फ साक्स हा बेल्जियममधील दिनां गावचा. जन्म १८१४, मृत्यू १८९४. तो वाद्ये बनवणाऱ्याचा मुलगा आणि स्वतः क्लॅरिनेट वाजवणारा. पितळी कर्ण्याचा जोर आणि क्लॅरिनेटची लवचीकता एका वाद्यात आणावी या ध्यासातून त्याने शंकूसारखी पसरत जाणारी पितळी नळी, तिला बोरूची एकेरी पत्ती आणि छिद्रे झाकणाऱ्या गादीदार चाव्या अशी रचना केली. १८४६ साली पॅरिसमध्ये त्याने तिचा एकाधिकार मिळवला. पुढे त्याचे आयुष्य कोर्टकचेऱ्यांत आणि दिवाळखोरीत गेले. वाद्य मात्र फौजी बँडांतून जगभर पसरले आणि आपल्याकडे पलटणींच्या व संस्थानिकांच्या बँडांतून आले.

साक्सने एक वाद्य केले नाही, कुटुंबच केले. त्यातील चार भावंडे आज सर्वत्र दिसतात. सोप्रानो धाकटे आणि उंच आवाजाचे. त्यानंतर ऑल्टो, टेनर आणि सर्वांत खर्जाचे बॅरिटोन. चौघांवर बोटे तीच, स्वर मात्र निराळे. ज्या बोटांनी पाश्चात्त्य लेखनातला 'सी' निघतो त्याच बोटांनी ऑल्टोवर काळी दोन उमटते आणि टेनरवर काळी पाच. पेटीवर शिकलेल्या माणसाला हे प्रथम चक्रावून टाकते. पण एकदा उमगले की वाद्य निवडण्याची किल्ली हाती येते. आपली पट्टी कोणत्या भावंडावर मोकळ्या बोटांच्या जागी येते, हे पाहावयाचे.

पांढरी चारचा षड्ज ऑल्टोवर खालच्या टोकाशी येतो. त्यासाठी दोन्ही हातांची सहा बोटे दाबून धरावी लागतात आणि स्वर थोडा कोंडलेला निघतो. तोच षड्ज टेनरवर डाव्या हाताच्या तीन बोटांनी, वाद्याच्या ऐन मध्यावर येतो. त्याच्या वर जागा, खाली जागा. मंद्र पंचम सहा बोटांवर मिळतो आणि त्याच्याही खाली टेनर मंद्रातील कोमल गांधारापर्यंत उतरते.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांत एक फरक आपल्या संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. क्लॅरिनेटवर वरच्या पल्ल्यात गेले की बोटांचा हिशेब बदलतो. तेथे उडी सप्तकाची नसून त्याच्याही पुढच्या पंचमाची असते. सॅक्सोफोनवर डाव्या अंगठ्याची चावी दाबली की सप्तक बदलते आणि बोटे तीच राहतात. सप्तकांत विचार करणाऱ्या आपल्या माणसाला हे फार सोयीचे. उलट, क्लॅरिनेटची पुष्कळ छिद्रे उघडी असल्याने बोट सरकवून मींड घेता येते; सॅक्सोफोनची सर्व छिद्रे गाद्यांखाली झाकलेली. त्यावर मींड घ्यावयाची ती ओठांनी, श्वासाच्या दाबाने आणि चावी हळूहळू उचलून. म्हणूनच आपल्यासाठी वाद्य निवडताना ते किती वाकते हे पाहावे लागते.

परक्या वाद्याला आपलेसे करणारे

परके वाद्य आपल्या गाण्याला जुळवून घेण्याची परंपरा आपल्यात नवी नाही. पेटी युरोपातून आली आणि गोविंदराव टेंब्यांनी तिला मानाचे स्थान मिळवून दिले. तरीही तिचे स्वर बांधलेले म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले आणि ती बंदी तीन दशके चालली. व्हायोलिन आले आणि गजाननराव जोशी, वि. गो. जोग यांनी ते ख्यालगायनाच्या जवळ नेले.

सॅक्सोफोनच्या बाबतीत हे काम दक्षिणेत झाले. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) हे नागस्वरम वाजवणाऱ्याचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि कर्नाटक संगीत त्यावर वाजवण्याचा निश्चय केला. त्यासाठी त्यांना अनेक वर्षे खर्चावी लागली. वाद्यातही आपल्या गमकांना सोयीचे फेरफार त्यांनी करून घेतले. १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बी.बी.सी.च्या प्रॉम्स महोत्सवात ते वाजवून आले आणि २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी निवडला तो ऑल्टो. इकडे मुंबईच्या चित्रसृष्टीत मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचाही ऑल्टो गाजला. माझ्या तरुणपणी गणेशोत्सवाच्या वाद्यवृंदात आम्ही सगळे त्यांचीच नक्कल करीत होतो. ऑल्टो हेच खरे वाद्य, अशी माझी खूणगाठ बसली ती या थोरांमुळे. पण त्यांनी ऑल्टो निवडला तो त्यांच्या वाजवण्यासाठी. माझ्या घरच्या गुरुवारसाठी नव्हे.

याबाबतीत मला वादकांपेक्षा गायकांनी अधिक शिकवले. आमच्यापासून थोड्याच अंतरावर देवास आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन तेथे आले. फुप्फुसाला कायमची हानी झाली होती. गाणे पुन्हा होईल की नाही याचीच शंका होती. काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांनी लांब दमसासाच्या जुन्या गाण्याचा हट्ट धरला नाही. उरलेल्या श्वासाला शोभेल अशी छोट्या, धारदार स्वरवाक्यांची गायकी त्यांनी घडवली. गंगूबाई हनगल यांचा आवाजही घशाच्या विकारानंतर खाली उतरला, आणि तोच खर्जातला भारदस्त स्वर त्यांची ओळख ठरला. ही उदाहरणे मी पत्नीला सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, "मी गंगूबाई नव्हे, आणि तुम्हीही कुमार नव्हे." ते खरेच आहे. पण तंबोरा तिने पांढरी चारवरच ठेवला.

दुकानात तंबोरा

अवंतिका एक्सप्रेसने आम्ही दोघे मुंबईस गेलो. धोबी तलावाचा परिसर पाश्चात्त्य वाद्यांसाठी जुना. फुर्ताडो यांचे नाव तेथे १८६५ पासून आहे. आम्ही शहरातल्या तीन-चार दुकानांत मिळून सात टेनर वाजवून पाहिले. मास्तरांनी जाण्यापूर्वी मला पाच परीक्षा लिहून दिल्या होत्या. त्या त्यांच्याच क्रमाने देतो.

पहिली परीक्षा फुंकेची. आपला जुना माउथपीस आणि आपलीच पत्ती घेऊन जावी. दुकानातली घेऊ नये. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाचा ते कळत नाही. सर्वांत खालचा स्वर अगदी हळू फुंकावा. जोराने कोणतेही वाद्य वाजते. हळू फुंकल्यावर खालचा स्वर उमटला तर गाद्या छिद्रांवर नीट बसल्या आहेत असे समजावे. नळीत छोटा दिवा सोडून अंधारात पाहिले तर कोठून उजेड गळतो तेही दिसते. नवे वाद्य म्हणजे निर्दोष वाद्य असे नव्हे. सातांपैकी दोन नवे टेनर या पहिल्याच परीक्षेत गळले.

दुसरी परीक्षा गांधाराची. तंबोरा किंवा त्याचे यंत्र चालू ठेवून शुद्ध गांधारावर थांबावे. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतले अंतर १०० सेंट मानतात. त्या मापाने पेटीचा गांधार तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सॅक्सोफोनही पेटीच्याच हिशेबाने बनवलेला. ओठ किंचित सैल करताच तो गांधार खाली येऊन तंबोऱ्यात मिसळतो का, आणि मिसळताना आवाजाचा पोत टिकतो का, हे पाहावे. काही उत्तम वाद्ये स्वर घट्ट धरून ठेवतात. वाद्यवृंदात तो गुण. आपल्याकडे तो दोष. माझ्या आवडीचा एक देखणा टेनर येथे नापास झाला. त्याचा गांधार पोलादासारखा होता.

तिसरी परीक्षा हाताची आणि मानेची. ऑल्टोचे वजन सुमारे अडीच किलो. टेनरचे तीनहून अधिक. सदुसष्टाव्या वर्षी हा अर्धा-पाऊण किलो मानेला जाणवतो. पाच मिनिटे वाजवून निर्णय करू नये. अर्धा तास गळ्यात ठेवून उभे राहावे. करंगळीच्या चाव्या लहान हाताला पोहोचतात का, उजव्या अंगठ्याचा आधार रुततो का, हे पाहावे. मी एकट्या मानेवर भार न देता दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा घेतला आणि निम्मा प्रश्न सुटला.

चौथी परीक्षा पत्तीची. पत्ती बोरूची असते. तिच्यासाठी दक्षिण फ्रान्समधील वार परगण्यातला बोरू नावाजलेला. पत्त्यांवर जाडीचे क्रमांक असतात. मी आयुष्यभर अडीच क्रमांकाची वापरली, कारण जाड पत्ती वाजवणारा तो खरा, असा तरुणपणीचा समज. टेनरवर दोन क्रमांकाची लावली आणि श्वासावरचा ताण उतरला, मींडही सहज वळू लागली. फार मऊ पत्ती मात्र वरचे स्वर उतरवते. म्हणून अर्ध्या क्रमांकाच्या पायरीनेच खाली यावे.

पाचवी परीक्षा आपण देऊ शकत नाही. ती दुसऱ्या माणसाने द्यावयाची. वाजवणाऱ्याला वाद्याचा आवाज हाडांतून ऐकू येतो, ऐकणाऱ्याला हवेतून. म्हणून सोबत जाणता कान न्यावा आणि त्याला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसवावे. माझ्याबरोबर पत्नी होती. तिला मी वाद्यांची नावे, देश, किंमत काहीच सांगितले नाही. जपानी होते, तैवानचे होते, एक फ्रेंचही होते. ती पाठ करून बसली. पाचव्या वाद्यावर मी मंद्र पंचम धरला आणि मागून, अगदी हळू, तिचा स्वर त्यात येऊन मिळाला. दुकानातला तरुण मदतनीस हातातले काम सोडून उभा राहिला. मी निर्णय केला नाही, तो झाला.

ते वाद्य सातांत सर्वांत महाग नव्हते आणि सर्वांत स्वस्तही नव्हते. कोणत्या कंपनीचे ते मुद्दामच लिहीत नाही. ते नाव वाचून कोणी तसेच मागवले, तर माझीच पहिली चूक त्यांच्या घरी जाईल.

घरी आल्यावर

नवे वाद्य घरी आणले म्हणजे काम संपले असे नाही. नव्या गाद्या काही महिने बसत असतात. खिळे सैल होतात. खरेदी करतानाच दुरुस्ती कोण करील हे विचारून ठेवावे आणि जादा गाद्यांचा एक संच आणून ठेवावा. आमच्या माळव्यात वैशाखात पत्ती वाळून वाकडी होते आणि पावसाळ्यात गाद्या छिद्रांना चिकटतात. वाजवण्यापूर्वी पत्ती दोन मिनिटे ओली करावी. चिकटणाऱ्या गादीखाली पतंगाचा पातळ कागद ठेवून चावी हलकेच दाबावी आणि उचलावी. वाजवून झाल्यावर नळीतून कापड ओढून ओल पुसावी. एवढे केले तर वाद्य आपल्यानंतरही कोणाच्या तरी कामी येते.

दमाचा प्रश्न मात्र कोणत्याही दुकानात सुटत नाही. टेनरला श्वास अधिक लागतो आणि माझा पूर्वीइतका पुरत नाही. आरंभी ओळ तुटे आणि मी खजील होई. मग ध्यानात आले की पत्नीचाही श्वास आता मध्येच तुटतो. पूर्वी तिची ओळ संपेपर्यंत मी थांबत असे. आता ती जेथे श्वास घेते तेथेच मीही घेतो. भजनांची गती त्यामुळे थोडी मंदावली आहे. ऐकणारे तक्रार करीत नाहीत.

गुरुवार पुन्हा सुरू झाले आहेत. बँडमास्तरांना आम्ही पहिल्याच गुरुवारी बोलावले होते. ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. भजन संपल्यावर नव्या टेनरकडे त्यांनी पाहिलेही नाही. पत्नीला म्हणाले, "पंचम अच्छा लगा, बहनजी." मग माझ्याकडे वळून, "आप थोड़ा और धीरे."

जुना हुक्का कपाटावर आहे. नातू त्याच्या गाद्या बदलून घ्या म्हणून मागे लागला आहे. मी त्याला सांगितले आहे की तो बारा वर्षांचा आहे, त्याचा आवाज अजून फुटावयाचा आहे; त्याची पट्टी ठरू दे, मग पाहू.